मधुमेही मूत्रपिंडविकार आणि चिनी वैद्यक

मधुमेह झालेल्या व्यक्तीला रक्तातील साखरेची चिंता असते, डोळ्यांची असते, पायाला झालेल्या जखमेचीही असते; मूत्रपिंडाची आठवण मात्र बहुधा उशिरा होते. याचे कारण असे, की हा अवयव तक्रार करीत नाही. त्याची निम्मी शक्ती खर्ची पडली तरी भूक लागते, झोप येते, कामावर जाता येते. पायांवर सूज येऊन किंवा लघवीला फेस येऊन जेव्हा शंका येते, तेव्हा विकार पुष्कळदा बराच पुढे गेलेला असतो. मधुमेहींपैकी सुमारे तीस ते चाळीस टक्के लोकांना केव्हा ना केव्हा मूत्रपिंडाचा विकार गाठतो आणि डायलिसिसवर जाणाऱ्या रुग्णांमध्ये मधुमेह हे जगभर सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे. मधुमेहींच्या संख्येत चीन जगात पहिला आणि भारत दुसरा. साहजिकच या विकारावर आपल्या परंपरेतून काही उपाय निघतो का, याचा शोध चीनमध्ये जितका झाला तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. तेथील अनेक रुग्णालयांत आधुनिक औषध आणि काढा एकाच छपराखाली, कित्येकदा एकाच कागदावर लिहून दिला जातो.

या शोधातून काय हाती लागले, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ज्या परंपरेत मूत्रपिंडाला आधार देऊ शकतील अशा वनस्पती आहेत, त्याच परंपरेत मूत्रपिंड कायमचे निकामी करणाऱ्या वनस्पतीही होत्या; आणि काही वर्षे त्या एकाच नावाने विकल्या जात होत्या.

‘श्याओख’ : झिजवणारी तहान

प्राचीन चिनी वैद्यकात मधुमेहाशी मिळत्याजुळत्या विकाराला ‘श्याओख’ म्हणतात. झिजवणारी तहान, असा त्याचा ढोबळ अर्थ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध झालेल्या ‘ह्वांगदी नेइचिंग’ या ग्रंथात गोड आणि स्निग्ध आहाराच्या अतिरेकाने शरीरात उष्णता साचते व तिच्यातून ही तहान उद्भवते, असा विचार आढळतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेले वैद्य चांग चुंगचिंग यांनी जितके पाणी पिणे तितकीच लघवी होणे अशा रुग्णाचे वर्णन केले आणि त्याच्यासाठी ‘शेनछी वान’ ही गोळी सांगितली. सातव्या शतकातील सुन सिमियाओ यांनी अशा रुग्णाला मद्य, कामसुख, खारट पदार्थ आणि पिठाचे पदार्थ वर्ज्य करण्यास बजावले. आजचा आहारतज्ज्ञ यातील किमान तीन गोष्टींवर त्यांच्याशी सहमत होईल. थांग राजवटीतील वैद्यांनी रुग्णाची लघवी गोड असते हेही नोंदवले असून, इसवी सन ७५२ मधील ‘वायथाय मियाओ’ या संकलनात ती नोंद जतन झाली आहे. लघवीला मुंग्या लागतात हे भारतीय संहिताकारांनाही ठाऊक होते. दोन्ही परंपरांनी एकच गोष्ट आपापल्या परीने पाहिली होती.

पुढे या विकाराचे तीन भाग मानले गेले. वरच्या भागात तहान प्रबळ आणि फुप्फुसाचा दोष. मधल्या भागात भूक प्रबळ आणि जठराचा दोष. खालच्या भागात लघवी वारंवार, गढूळ, स्निग्ध, आणि दोष मूत्रपिंडाचा. हा तिसरा भाग म्हणजेच आजचा मधुमेही मूत्रपिंडविकार, असे चिनी वैद्य मानतात. साम्य लक्षणीय आहे खरे. तथापि जुन्या वैद्यांजवळ अल्ब्युमिन मोजण्याचे साधन नव्हते आणि गढूळ लघवीची कारणे अनेक असतात. प्राचीनांना सारे काही माहीत होते, असा निष्कर्ष त्यावरून काढणे घाईचे ठरेल.

शब्दांचा चकवा

येथे एका शब्दाची फोड करणे आवश्यक आहे. चिनी वैद्यकात ‘शेन’ हा शब्द मूत्रपिंडासाठी योजला जातो. परंतु त्याचा आशय कमरेच्या दोन बाजूंना असलेल्या, रक्त गाळणाऱ्या अवयवापुरता मर्यादित नाही. ‘शेन’ म्हणजे जीवनसत्त्वाचा साठा. वाढ, प्रजनन, हाडांची बळकटी, केसांचा काळेपणा, कानांची श्रवणशक्ती आणि शरीरातील पाण्याचे नियमन ही सारी कामे त्याच्याकडे सोपवलेली आहेत. म्हातारपणी गुडघे दुखू लागले किंवा कानात गुणगुण होऊ लागली, तरी चिनी वैद्य ‘शेन दुर्बळ झाले’ असे म्हणेल. त्या व्यक्तीचे क्रिएटिनिन मात्र अगदी व्यवस्थित असू शकते.

ही केवळ शब्दांची चर्चा नव्हे. ‘मूत्रपिंडाला बळ देणारी’ असे लेबल लावून विकली जाणारी बाटली जेव्हा मुंबईत किंवा लंडनमध्ये कुणाच्या हाती पडते, तेव्हा तो आपल्या प्रयोगशाळेच्या अहवालातील मूत्रपिंडासाठीच ती घेत असतो. लिहिणाऱ्याच्या मनातला अवयव आणि वाचणाऱ्याच्या मनातला अवयव वेगवेगळे असतात.

‘ल्युवेइ दीहुआंग वान’ ही प्रसिद्ध गोळी याचे चांगले उदाहरण आहे. चांग चुंगचिंग यांच्या मूळ गोळीतून दालचिनी आणि वचनागाच्या जातीचे मूळ ही दोन उष्ण द्रव्ये वगळून उरलेल्या सहा द्रव्यांची ही गोळी सुंग राजवटीतील बालवैद्य छिएन यी यांनी तयार केली. त्यांच्या उपचारांचा ग्रंथ १११९ मध्ये सिद्ध झाला. गोळी होती वाढ खुंटलेल्या मुलांसाठी! आज तीच गोळी चीनमध्ये मधुमेहाच्या आणि मूत्रपिंडविकाराच्या असंख्य रुग्णांना दिली जाते, कारण सिद्धांतानुसार दोन्हींच्या मुळाशी ‘शेन’चे शीतल सत्त्व घटणे हेच आहे.

वैद्य काय करतो?

मधुमेही मूत्रपिंडविकाराला एकच एक चिनी औषध नाही. वैद्य जीभ पाहतो, दोन्ही मनगटांवरील नाडी पाहतो, थकवा, तहान, पायांची थंडी, झोप यांची विचारपूस करतो आणि रुग्णाला एका ‘प्रकारात’ बसवतो. सर्वसाधारणपणे आरंभी शीतल सत्त्व घटून उष्णता वाढलेली असते, पुढे त्याबरोबर प्राणशक्ती म्हणजे ‘छी’ही क्षीण होते, शेवटच्या टप्प्यात शीत आणि उष्ण, म्हणजे यिन आणि यांग, दोन्ही खचतात आणि शरीरात पाणी व ‘गढूळ विष’ साचते. या सर्व काळात रक्त जागोजागी थबकलेले असते, अशीही समजूत आहे. बीजिंगच्या तुंगचिमेन रुग्णालयातील वैद्य ल्यु रनह यांनी या थबकण्याच्या कल्पनेला पुढे नेले. मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्यांत बारीक गाठी साचत जातात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मधुमेहीच्या मूत्रपिंडातील गाळण्या कठीण होत गेलेल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही कल्पना अगदीच परकी वाटणार नाही.

औषधयोजनाही या चौकटीतूनच ठरते. ‘छी’ वाढवण्यासाठी ह्वांगछी हे पिवळसर मूळ. शीतल सत्त्वासाठी दीहुआंग. थबकलेले रक्त वाहते करण्यासाठी दानशेन हे लाल मूळ. विष बाहेर काढण्यासाठी दाह्वांग. यातील दाह्वांग म्हणजे आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या रेवंदचिनीचे भाईबंद. विकार पुढे गेल्यावर त्याचा काढा बस्तीच्या रूपातही दिला जातो. आतड्यामार्गे कचरा बाहेर पडावा, हा हेतू. हिमालयात यार्सागुंबा किंवा कीडाजडी या नावाने ओळखली जाणारी, अळीवर वाढणारी बुरशीही मूत्रपिंडासाठी नावाजलेली आहे. मूळ बुरशी सोन्याच्या भावाने विकली जात असल्याने आज रुग्णालयांत प्रयोगशाळेत आंबवून वाढवलेल्या बुरशीच्या कॅप्सूल वापरतात.

एकाच आजाराच्या दोन रुग्णांना त्यामुळे दोन वेगळे काढे मिळतात आणि त्याच रुग्णाचा काढा पुढच्या महिन्यात बदलतो. वैद्याच्या दृष्टीने हेच या पद्धतीचे वैभव. ज्याला औषधाची परीक्षा घ्यायची आहे, त्याच्यासाठी मात्र ही मोठीच अडचण.

परीक्षेचा निकाल

चिनी नियतकालिकांतून या विषयावरील चाचण्यांचे अहवाल ढिगाने प्रसिद्ध झाले आहेत आणि बहुतेक सर्वांचा निष्कर्ष अनुकूल आहे. नेमकी हीच गोष्ट संशय उत्पन्न करते. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारातील ह्वांगछीवरील बावीस चाचण्या, एकंदर १३२३ रुग्ण, कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये एकत्र तपासल्या. लघवीतील प्रथिन घटते असे दिसले. पण चाचण्यांची रचना इतकी कच्ची होती, की त्यावर विसंबून कुणाला औषध सुचवावे असे त्यांना वाटले नाही.

त्यानंतर चित्र काहीसे सुधारले. हाँगकाँगमधील संशोधकांनी मधुमेह आणि मूत्रपिंडविकार दोन्ही असलेल्या ११८ रुग्णांवर ह्वांगछीची ४८ आठवडे चाचणी घेतली. तिचा अहवाल २०२४ मध्ये आला. नेहमीची औषधे सर्वांना चालूच होती; चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या रुग्णांना ह्वांगछीची भर देण्यात आली. मूत्रपिंडाची गाळणक्षमता, म्हणजेच अहवालातील जीएफआर, या गटात वर्षाला सरासरी ४.६ मिलिलिटरने अधिक टिकून राहिली. हा फरक लहान नाही. पण आपल्याला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होते, आणि लघवीतील अल्ब्युमिनमध्ये दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे आशा बाळगावी आणि मोठ्या चाचणीची वाट पाहावी, इतकाच तूर्त अर्थ.

भेंडीच्या कुळातील एका पिवळ्या फुलापासून केलेल्या ‘ह्वांगक्वेइ’ कॅप्सूलची गोष्टही अशीच. ही वनस्पती आपल्याकडे रानभेंडी म्हणून ओळखली जाते. तिच्या कॅप्सूलची लोसार्टान या परिचित गोळीशी तुलना करणारी ४१७ रुग्णांची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि प्रथिन घटवण्यात कॅप्सूल वरचढ ठरली. मात्र ते रुग्ण मधुमेहाचे नव्हते. त्यांना मूत्रपिंडाच्या गाळण्यांचे स्वतंत्र विकार होते. जाहिरातीत हा भेद सहसा सांगितला जात नाही.

सर्वांत प्रभावी दिसणारी वनस्पती सर्वांत धोक्याचीही आहे. लेइकुंगथंग या वेलीच्या मुळाचा अर्क रोगप्रतिकारशक्ती दाबून टाकतो. ६५ रुग्णांच्या एका चिनी चाचणीत, जिचा अहवाल २०१३ मध्ये आला, सहा महिन्यांत दिवसाकाठी लघवीतून जाणारे प्रथिन सरासरी पाच ग्रॅमवरून तीन ग्रॅमवर आले. परंतु याच अर्काने स्त्रियांची पाळी बंद पडते, पुरुषांचे शुक्रजंतू घटतात, यकृताला आणि अस्थिमज्जेला इजा होते. चीनच्या औषध प्रशासनानेच २०१२ मध्ये त्याबाबत इशारा दिला होता. परंपरागत, म्हणून सौम्य, हा समज येथे पूर्णपणे कोसळतो.

तुलनेसाठी आधुनिक औषधांची बाजू पाहणे न्याय्य ठरेल. रक्तदाबाच्या ज्या गोळ्या मूत्रपिंडाला संरक्षण देतात, त्यांची मधुमेहींवरील दोन मोठी परीक्षणे २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन या औषधाची ४४०१ रुग्णांवरील चाचणी लाभ स्पष्ट दिसल्याने मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. मूत्रपिंड निकामी होणे आणि तत्सम गंभीर घटना तीस टक्क्यांनी घटल्या होत्या. २०२० मध्ये फिनेरेनोन, २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड यांचेही पुरावे आले. ४४०१ आणि ११८ या दोन आकड्यांतील अंतर हेच दोन्ही बाजूंच्या खात्रीतील अंतर आहे. गंमत अशी, की कॅनाग्लिफ्लोझिनच्या घराण्याचा मूळ पुरुष सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ मध्ये सापडला होता, आणि ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकून काम करतात. थांग काळातील वैद्य ज्या गोडव्याला रोगाची खूण मानत, तोच आज उपचाराचा भाग झाला आहे.

गोळीच्या आत गोळी

चीनमध्ये ‘श्याओख वान’ नावाची गोळी मधुमेहासाठी फार खपते. नाव प्राचीन, वनस्पती सात. शिवाय प्रत्येक गोळीत ०.२५ मिलिग्रॅम ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारे आधुनिक रसायन. दहा गोळ्या घेतल्या की नेहमीच्या औषधाची २.५ मिलिग्रॅम मात्रा पोटात गेली. येथे लपवाछपवी नाही, घटक छापलेला असतो. परंतु मूत्रपिंड मंदावलेल्या रुग्णात हे रसायन आणि त्याचे अवशेष शरीरात साठत जातात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत, कित्येक तास, खाली राहू शकते. म्हणूनच मूत्रपिंडविकारात डॉक्टर ते टाळतात. आपण वनस्पतींची गोळी घेत आहोत, अशा समजुतीतील रुग्णाला हे कोण सांगणार?

जेथे लपवाछपवी होती, तेथे माणसे दगावली. जानेवारी २००९ मध्ये चीनच्या शिनच्यांग प्रांतात मधुमेहाच्या एका बनावट ‘वनौषधी’ कॅप्सूलमुळे दोघांचा मृत्यू झाला. तिच्यात हेच ग्लिबेनक्लामाइड भरमसाट प्रमाणात मिसळलेले होते.

ब्रुसेल्सचा धडा

मूत्रपिंड आणि चिनी वनस्पती यांचा विषय निघाला, की तज्ज्ञांना प्रथम बेल्जियम आठवते. ब्रुसेल्समधील एका उपचारकेंद्रात वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जात. १९९२ मध्ये तेथे गेलेल्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचा अहवाल छापला. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. उलगडा झाला तो नावांच्या घोळातून. नुसख्यात ‘हान फांगची’ हवी होती. तिच्याऐवजी ‘क्वांग फांगची’ आली. नावात साम्य असले, तरी वनस्पती सर्वस्वी भिन्न. दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते. ते मूत्रपिंडाच्या नलिकांचा नाश करते आणि पेशींच्या गुणसूत्रांना चिकटून वर्षानुवर्षे राहते. २००० मध्ये आलेल्या अहवालानुसार, यांपैकी ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे खबरदारी म्हणून काढून टाकली गेली, त्यांतील अठरा जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला.

या प्रकरणाचा मधुमेहाशी संबंध नाही असे वाटेल. परंतु फांगची आणि ह्वांगछी यांचा एकत्र काढा चांग चुंगचिंग यांच्या काळापासून अंगावरील सूज उतरवण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि मधुमेही मूत्रपिंडविकारातील सूज ही त्याच्या वापराची नेहमीची जागा. म्हणजे ज्याचे मूत्रपिंड आधीच खचले आहे, त्याच्याच पुढ्यात नेमका हा घोळ येऊन उभा राहत होता. मुथुंग या लघवी साफ करणाऱ्या वनस्पतीचेही असेच झाले. तिची जागा कालांतराने अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या ‘क्वान मुथुंग’ने घेतली आणि ती ‘लुंगदान श्येकान वान’ या सर्रास खपणाऱ्या गोळीत जाऊन बसली. चीनने क्वान मुथुंगवर २००३ मध्ये आणि क्वांग फांगचीवर २००४ मध्ये बंदी घातली. तत्पूर्वी किती जणांनी ती घेतली असेल, याचा हिशेब कुणापाशी नाही. तैवानमध्ये चार लाख बासष्ट हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, नियमितपणे चिनी वनौषधी घेणाऱ्यांना दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा धोका वीस टक्क्यांनी अधिक असल्याचे २००८ मध्ये आढळले होते.

महाराष्ट्रालाही हे कुळ अपरिचित नाही. ईश्वरी किंवा सापसण म्हणून ओळखली जाणारी वेल याच कुळातील असून, सर्पदंशापासून पोटदुखीपर्यंत तिचे मूळ घरगुती औषधांत वापरले गेले आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने तिच्यापासून दूरच राहावे.

घेणाऱ्याने काय पाहावे?

जे रुग्ण चिनी वा अन्य वनौषधी घेतात, त्यांच्याबाबत डॉक्टरांची खरी अडचण असते ती न सांगण्याची. काही गोष्टी सांगितल्यावाचून कळत नाहीत. बहुसंख्य चिनी काढ्यांत चव जुळवून घेण्यासाठी ज्येष्ठमध असते. ते दीर्घकाळ पोटात गेल्यास रक्तदाब चढतो, पाणी साचते आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. उलट, वनस्पतींच्या दाट काढ्यात पोटॅशियम पुष्कळ असू शकते आणि मूत्रपिंड मंदावलेल्या, शिवाय रक्तदाबाच्या संरक्षक गोळ्या घेणाऱ्या रुग्णात ते वाढून हृदयाची लय बिघडते. दानशेन आणि रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन एकत्र आले, की रक्तस्रावाचा धोका वाढतो. रेवंदचिनीने जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी झाले, तर गाळणक्षमता एका आठवड्यात घसरू शकते.

तपासण्या दोनच, आणि स्वस्त. सकाळच्या लघवीतील अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक निघाले आणि पुन्हा तपासल्यावरही तसेच राहिले, तर सावध व्हावे. आणि रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेली गाळणक्षमता. ती तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिली, तर विकार दीर्घकालीन मानला जातो. मधुमेहीने दोन्ही वर्षातून एकदा करावयाच्या आहेत. नवे औषध, मग ते कोणत्याही परंपरेतील असो, सुरू करण्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा. हाँगकाँगच्या चाचणीतील रुग्णांचीही अशीच मोजणी होत होती, आणि त्यांच्यापैकी कुणाचीही रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी ह्वांगछीसाठी बंद करण्यात आली नव्हती.